हँडलला शिंगं कशासाठी?

ब्रेव्हे म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल राइड. दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेला साडेतेरा तास मिळतात. एमटीबीवर, म्हणजे माउंटन बाइकवर, ती पुरी करून आलेल्या माणसाचे पाय दुखणारच, त्याची तयारी त्याने केलेली असते. पण घरी आल्यावर शर्टाची बटणं निघत नाहीत, कुलपात किल्ली फिरत नाही, करंगळी आणि तिच्या शेजारचं अर्धं बोट दुसऱ्याच कुणाचं असल्यासारखं वाटतं. हे मात्र कुणी आधी सांगितलेलं नसतं. मग जाड जेलचे ग्लोव्ह्ज येतात, मऊ ग्रिप येतात, आणि पुढच्या लांबच्या राइडला पुन्हा तेच. हँडलच्या टोकांना बसवायच्या आखूड दांड्या, म्हणजे शिंगं, इथे कामी येतात. पण आधी हात बधिर का होतो ते पाहू.

कोपर कशावर तरी आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात. त्या ज्या चेतातंतूमुळे येतात तो अल्नर नर्व्ह, आणि तळहातातला गुन्हेगारही तोच. कोपराच्या आतल्या बाजूने खाली येऊन तो मनगटापाशी एका अरुंद बोगद्यातून तळहातात शिरतो. फ्रेंच सर्जन फेलिक्स गियाँ यांनी 1861 साली या जागेचं वर्णन केलं, म्हणून तिला गियाँ कॅनॉल म्हणतात. करंगळीच्या रेषेत, मनगटाच्या घडीला लागून बोटाने दाबून पाहा: वाटाण्याएवढं एक हाड लागेल. तिथून तिरकं तळहाताच्या मध्याकडे साधारण बोटभर सरकून जोरात दाबलं, तर खोलवर दुसऱ्या हाडाचा आकडा जाणवतो. या दोहोंच्या मधून तो चेतातंतू जातो. वरून आच्छादन म्हणाल तर एक पातळ पट्टा, थोडी चरबी आणि कातडी. सपाट हँडलवर तळहात टेकला की भार नेमका इथेच येतो.

बोगद्यातच या चेतातंतूच्या दोन शाखा होतात. एक कातडीची जाणीव वाहून नेते, दुसरी बोटं फाकवणारे आणि अंगठा तर्जनीकडे ओढणारे बारीक स्नायू हलवते. कोणती शाखा दबली त्यावर त्रास ठरतो. म्हणून काहींचा हात बधिर होतो पण ताकद शाबूत असते, आणि काहींना मुंग्या अजिबात येत नाहीत, तरी पकड गेलेली असते. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात 600 किलोमीटरच्या राइडआधी आणि नंतर 25 सायकलस्वारांचे हात तपासले होते. त्यातल्या 23 जणांना काही ना काही त्रास झाला, आणि नुसती ताकद घटलेले हात नुसत्या बधिर झालेल्या हातांपेक्षा जास्त निघाले. मुंग्या येत नाहीत म्हणून निर्धास्त राहू नये, ते यासाठी. घरच्या घरी पाहायचं तर एक कागद अंगठा आणि तर्जनीची कड यांच्यात धरा आणि दुसऱ्याला ओढायला सांगा. अंगठा सरळ राहून कागद टिकला तर ठीक. अंगठ्याचं टोक आपोआप वाकून कागद पकडायला लागलं, तर खरा स्नायू दमलाय आणि दुसरा स्नायू त्याचं काम करतोय.

दाबाने चेतातंतू चिरडला जातो असं नाही. आधी त्याचा रक्तपुरवठा अडतो. चेतातंतूच्या आतही बारीक रक्तवाहिन्या असतात. रक्तदाब ज्या एककात मोजतात त्यात सांगायचं तर पाऱ्याचे 20 ते 30 मिलिमीटर एवढ्या दाबालाच त्यातलं परतीचं रक्त रेंगाळू लागतं, आणि 80 च्या आसपास चेतातंतूतला रक्तप्रवाह जवळजवळ थांबतो. आपला वरचा रक्तदाब 120 असतो, त्या मानाने 30 म्हणजे काहीच नाही. बरं, मनगट वाकवलं तरी हा आकडा गाठता येतो. अल्नरच्या शेजारी, मनगटाच्या मध्यावरच्या कार्पल टनेलमध्ये निरोगी माणसाचं मनगट सरळ असताना दाब 2 ते 3 मिलिमीटर असतो. मनगट पूर्ण मागे वाकवलं की तो 30 च्या घरात जातो. त्या बोगद्यातून मीडियन नर्व्ह जातो, म्हणून अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होत असेल तर संशय मनगटाच्या वाकावर घ्यावा आणि करंगळी बधिर होत असेल तर तळहाताच्या बाहेरच्या कडेवर.

आता उपायाची दिशा कळते. दाब हटला की रक्त परत वाहतं, चेतातंतू सावरतो. म्हणजे जगातली सर्वोत्तम पकड शोधून तीच आठ तास धरण्यापेक्षा साधारण बऱ्या अशा तीन पकडी आलटून-पालटून वापरणं शरीराला जास्त मानवतं. भरलेली बादली लांब न्यायची असली की आपण हात बदलतो, नवं कडं लावत नाही. रोडबाइकवाल्यांना हे फुकटात मिळतं. त्यांच्या वाकड्या हँडलवर वरची आडवी दांडी, ब्रेकचे हूड (लिव्हरवरची रबरी मूठ) आणि खालचा वळसा अशा तीन जागा असतात. एमटीबीच्या सरळ दांडीवर जागा एकच.

ती जागा डोंगरउतारासाठी चोख आहे. 740 ते 800 मिलिमीटर रुंद दांडी, ब्रेक कायम बोटाखाली, खडकावर चाक वळवायला भरपूर तरफ. पण खुर्चीत बसून दोन्ही हात समोर सैल सोडा. अंगठे वर आणि तळवे एकमेकांकडे येतात. सरळ दांडी पकडायला तळवे जमिनीकडे फिरवावे लागतात आणि मनगट करंगळीच्या बाजूला थोडं मुरगळतं. तासाभराच्या ट्रेलवर हे जाणवत नाही, कारण तिथे तुम्ही उठता, बसता, अंग मागे-पुढे टाकता. पुणे-सातारा हायवेवर मात्र तुम्ही पुतळ्यासारखे बसलेले असता.

हातावर किती वजन येतं, याचा अंदाज बांधता येतो. 70 किलोच्या माणसाचं कमरेवरचं अंग धरू 45 किलो. तो पुढे झुकलाय, त्या अंगाचा गुरुत्वमध्य कमरेच्या 25 सेंटिमीटर पुढे आणि हात 70 सेंटिमीटर पुढे. तरफेच्या नियमाने हातांवर साधारण 16 किलो, म्हणजे प्रत्येकी आठ. पण हे पाय स्वस्थ असताना. पेडल जोरात दाबलं की तीच ताकद धड मागे उचलून धरते आणि हात हलके होतात. म्हणूनच पहिल्या शंभर किलोमीटरला काही होत नाही. नंतर पाय ढिले पडतात, पेडलवरचा जोर जातो आणि तोच भार निमूटपणे तळहातावर येऊन बसतो. हात दुखतात, पण थकलेले असतात पाय. ही साधी गोष्ट ग्लोव्ह्ज विकणारे सांगत नाहीत.

जास्तीच्या जागांपैकी सर्वांत स्वस्त म्हणजे बार-एंड, आपल्याकडच्या भाषेत शिंगं. नव्वदच्या दशकात जवळजवळ प्रत्येक एमटीबीला ती असायची. दांड्या अरुंद होत्या आणि चढावर उभं राहून ओढायला काहीतरी लागायचं. पुढे दांड्या रुंद झाल्या आणि शिंगं जुनाट दिसू लागली. दिसण्यापायी गेलेली ही वस्तू लांबच्या राइडसाठी परत आणायला काहीच हरकत नाही. शिंग धरलं की तळवा आत वळतो, मनगट सरळ होतं आणि भार करंगळीच्या बाजूवरून अंगठा-तर्जनीमधल्या मांसल भागावर जातो. बसवताना ग्रिप, ब्रेक आणि गिअरचं लिव्हर दोन-तीन सेंटिमीटर आत घ्यावं लागतं. कोन बहुतेक जण चुकवतात. शिंग आकाशाकडे उभं केलं की मनगट पुन्हा वाकतं. स्टेमच्या, म्हणजे दांडी सायकलला जोडणाऱ्या तुकड्याच्या, रेषेत ठेवून किंचित वर उचलावं, एक राइड करावी, मग ॲलन कीने थोडं थोडं फिरवत बसावं. कार्बनची दांडी असेल तर कंपनी परवानगी देते का ते आधी पाहा आणि टॉर्क रेंचशिवाय (बोल्ट किती आवळला ते मोजणारा पाना) बोल्टला हात लावू नका. कार्बन जास्त आवळल्याने बाहेरून काही न दिसता आतून फुटतं.

हीच शिंगं ग्रिपच्या आतल्या बाजूला, ब्रेकच्या अलीकडे बसवायचाही प्रकार आहे, आणि मला तो जास्त पटतो. हात जवळ येतात, वारा कमी लागतो, झुडपात शिंग अडकत नाही. मुख्य म्हणजे एक-दोन बोटं ब्रेकच्या लिव्हरपर्यंत पोहोचतात.

तिसरी जागा कोपरांची. 1989 च्या टूर द फ्रान्समध्ये शेवटच्या दिवशी ग्रेग लेमाँड 50 सेकंदांनी मागे होता. साडेचोवीस किलोमीटरच्या त्या टप्प्यात एरोबार (कोपरं टेकून धरायच्या, पुढे आलेल्या दांड्या) लावून त्याने आघाडीवरच्या लोराँ फिन्योंवर 58 सेकंद मिळवले आणि अख्खी शर्यत आठ सेकंदांनी जिंकली, आणि एरोबार म्हणजे वेग हे समीकरण लोकांच्या डोक्यात पक्कं झालं. पण कॅनडातल्या बॅन्फपासून मेक्सिकोच्या सीमेपर्यंत सुमारे 4,400 किलोमीटर कच्च्या रस्त्यांनी जाणाऱ्या टूर डिव्हाइडमध्ये लोक एमटीबीला एरोबार लावतात ते वेगाइतकंच हाताच्या विश्रांतीसाठी. भार हाताच्या पुढच्या भागावर जातो, तळहात पूर्ण मोकळा. अट एकच, पॅड कोपराच्या टोकाखाली नको, थोडं पुढे हवं. कोपराशी तोच अल्नर नर्व्ह हाडाला चिकटून जातो. तिथे दाबला तर मनगटाचं दुखणं फक्त वर सरकेल. शिवाय एरोबारचे क्लॅम्प बहुधा 31.8 मिलिमीटर जाडीसाठी असतात. एमटीबीची दांडी स्टेमपाशी तेवढी जाड असली, तरी लगेच निमुळती होते. विकत घेण्याआधी पट्टी लावून ती सरळ जागा मोजा.

मग सरळ रोडबाइकचं हँडलच का लावू नये? हा प्रश्न हमखास येतो. एमटीबीची दांडी ग्रिपपाशी 22.2 मिलिमीटर असते, रोडची 23.8. त्यामुळे ब्रेक आणि गिअरचे लिव्हर एकमेकांना चालत नाहीत. रोडचं लिव्हर केबल कमी खेचतं, एमटीबीच्या व्ही-ब्रेकला जास्त लागते. गिअरचंही तसंच. त्यात एमटीबीची फ्रेम मुळात लांब, वर हे हँडल हात आणखी पुढे नेणार. खर्च करून शेवटी हातावर भार वाढतो.

टोकाच्या शिंगावर किंवा एरोबारवर हात असताना ब्रेक हाताखाली नसतो. ताशी 30 किलोमीटरला सायकल सेकंदाला आठ मीटर जाते. हात परत आणायला अर्धा सेकंद लागला तरी चार मीटर गेले. खंबाटकीच्या उतारावर आडव्या आलेल्या कुत्र्याला ते पुरेसे असतात. उतार, गर्दी आणि खड्डे यांत हात ब्रेकवरच.

हे सगळं जोडण्याआधी सीटवर स्पिरिट लेव्हल ठेवून पाहा. सीटचं नाक खाली झुकलेलं असेल तर तुम्ही दिवसभर पुढे घसरत असता आणि हातांनी स्वतःला मागे ढकलत असता. तिथे कितीही शिंगं लावा. ग्लोव्ह्जचा उपयोग होतो, पण बेताचाच. 2011 च्या एका प्रयोगात पॅडच्या ग्लोव्ह्जनी अल्नरवरचा दाब 10 ते 29 टक्के कमी केला. फार मऊ ग्रिपमध्ये तळहात रुततो आणि ती धरून ठेवायला मूठ जास्त आवळावी लागते.

जागा बदलायची ती मुंग्या यायच्या आधी. दर दहा-पंधरा मिनिटांनी, तहान लागो न लागो पाणी पितो तसं. राइडनंतरचा बधिरपणा बहुधा काही तासांत किंवा दिवसांत जातो. आठवडे गेले तरी बटणं लागत नसतील, किंवा अंगठा-तर्जनीमधला मांसल भाग खोलगट दिसू लागला असेल, तर सायकलच्या दुकानात न जाता डॉक्टरांकडे जाऊन नर्व्ह कंडक्शनची, म्हणजे चेतातंतूतून संदेश नीट जातो का याची, तपासणी करून घ्या.