विरारला चढलेली, बोरिवलीला चढलेली

‘वेळेत तपासणी केली म्हणून वाचली,’ असं स्तनाच्या कर्करोगाबद्दल आपण सहज बोलतो. आकड्यांनी ते सिद्ध करायला गेलं की मात्र गोची होते.

समजा, दोघी एकाच चर्चगेट लोकलमध्ये आहेत. एक विरारला चढली, दुसरी बोरिवलीला. उतरल्या दोघी एकदमच. विरारवालीचा प्रवास लांबला खरा, पण म्हणून चर्चगेट काही उशिरा आलं नाही. स्तनाच्या कर्करोगात ‘निदानानंतर किती वर्षं जगली’ हे मोजताना हाच घोळ होतो. तपासणीत गाठ दोन वर्षं आधी सापडली, तर मृत्यूची तारीख तीच राहूनही कागदावर आयुष्य दोन वर्षांनी वाढतं. याला ‘लीड टाइम बायस’ म्हणतात. त्यात आणखी एक फसगत: सावकाश वाढणारी गाठ शरीरात गुपचूप जास्त काळ बसून असते, म्हणून तपासणीत तीच अधिक सापडते. भराभर वाढणारी दोन तपासण्यांच्या मधेच डोकं वर काढते. त्यामुळे तपासणीत सापडलेल्यांची वर्षं तशीही जास्त दिसतात.

म्हणून निदान झालेल्यांची वर्षं मोजून भागत नाही. तपासलेल्या आणि न तपासलेल्या सगळ्याच बायकांमधले मृत्यू मोजावे लागतात. हे चिकाटीचं काम आपल्या मुंबईत झालंय. टाटा मेमोरियलने 1998 मध्ये 35 ते 64 वयाच्या दीड लाखावर स्त्रियांचे वस्तीनिहाय 20 गट केले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन बाजूंना वाटले. एका बाजूला प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, असं चारदा, नुसत्या हाताने तपासलं. मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, नाही.

वीस वर्षांचा हिशेब 2021 मध्ये छापून आला. रोग तिसऱ्या-चौथ्या, म्हणजे बळावलेल्या, टप्प्यात असताना सापडलेले रुग्ण तपासणीच्या बाजूला 37 टक्के, दुसरीकडे 47. सगळ्या वयांत मिळून स्तनाच्या कर्करोगाने झालेले मृत्यू 15 टक्के कमी, पण एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो. पन्नाशीपुढच्या बायकांत मात्र घट जवळपास 30 टक्के, आणि ती योगायोगाची नव्हे. पन्नाशीच्या आत ठोस फायदा दिसला नाही, हेही सांगायलाच हवं.

स्टॉकहोमच्या 2025 च्या अभ्यासात मॅमोग्राफीच्या पहिल्याच बोलावण्याला न गेलेल्यांत रोगाचं प्रमाण गेलेल्यांइतकंच निघालं, त्या रोगाने मृत्यूचा धोका मात्र 40 टक्क्यांनी जास्त. अर्थात इथे चिठ्ठ्या टाकलेल्या नव्हत्या. न जाणाऱ्या बायका इतर बाबतींतही वेगळ्या असू शकतात. त्यांनी पुढची बोलावणीही बऱ्याचदा टाळली होती.