फ्लेक्सवाला ‘डॉक्युमेंट करून पाठवा’ का म्हणतो?

मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचा फोटो बॅनरसाठी पाठवला की फ्लेक्सवाल्याचं उत्तर ठरलेलं असतं: ‘हा चालणार नाही, डॉक्युमेंट करून पाठवा.’ मग ग्रुपवर निदान सुरू होतं. एकजण ठामपणे सांगतो की फॉरवर्ड करकरून फोटो झिजतो. दुसऱ्याच्या मते दोष नेटवर्कचा. नेटवर्क मंद असेल तर फोटो उशिरा येतो, पुसट होत नाही. आणि आलेला फोटो तसाच पुढे ढकलला तर सर्व्हरवर आधी चढलेली फाइलच पुढच्याला मिळते. जे व्हायचं ते पहिल्यांदा पाठवताना, पाठवणाऱ्याच्याच फोनमध्ये होऊन गेलेलं असतं.

तिथे दोन गोष्टी होतात. पहिली सरळ आहे: फोटो लहान केला जातो. १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० बाय ३००० ठिपक्यांचा. नेहमीच्या पद्धतीने पाठवला तर त्याची लांब बाजू साधारण १६०० ठिपक्यांवर येते. सहा फुटी फ्लेक्सवर इंचाला जेमतेम २२ ठिपके. एचडी पर्याय निवडला तर ठिपके जास्त उरतात, पण फाइल मूळची राहत नाही.

दुसरी गोष्ट जेपेगची, म्हणजे फोटोची फाइल आकसवण्याच्या रूढ पद्धतीची, आणि माझा जीव अडकलाय तो हिच्यात. १९७२ साली मूळचे बंगळुरूचे, अमेरिकेत कॅन्ससला शिकवणारे नासिर अहमद यांनी एका गणिती कल्पनेसाठी अनुदान मागितलं. ते मिळालं नाही. कल्पना फारच साधी वाटली म्हणे! टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांनी ती जानेवारी १९७४ मध्ये प्रसिद्ध केली. तीच डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म, म्हणजे डीसीटी. १९९२ च्या जेपेग मानकाचा पाया तीच आहे.

फोटोचे ८ बाय ८ ठिपक्यांचे चौकोन पाडतात. एका चौकोनात उजेडाचे ६४ आकडे. डीसीटी त्यांच्या जागी दुसरे ६४ आकडे देते. पहिला सांगतो चौकोनाचा सरासरी उजेड किती. उरलेले ६३ सांगतात की उजेड-अंधाराच्या कोणत्या लाटा त्यात किती प्रमाणात आहेत, आधी रुंद, मग बारीक होत जाणाऱ्या. इथवर काहीच हरवलेलं नाही, उलटं गणित केलं की मूळ आकडे परत. खरी कात्री पुढे लागते. प्रत्येक आकड्याला ठरलेल्या भाजकाने भागून उत्तर पूर्णांकात घेतात. मानकातल्या नमुना तक्त्यात पहिला भाजक १६, तर सर्वांत बारीक लाटेचा ९९. पहिला आकडा ५०० असेल तर भागाकार ३१.२५, म्हणून ३१. परत गुणला की ४९६. चार गेले, कुणाला कळणार? पण बारीक लाटेचा आकडा ३० असेल तर ०.३०, म्हणजे शून्य, आणि शून्याला कितीनेही गुणा. मग आकडे तिरक्या नागमोडी क्रमाने वाचले की शेवटी शून्यांची रांग लागते, आणि ‘इथून पुढे सगळी शून्यं’ एवढी एक खूण पुरते. फाइल आकसते ती इथे.

आकाशाच्या चौकोनात बारीक लाटा जवळजवळ नसतातच, म्हणून ते छान टिकतं. अक्षराची कड मात्र उभी राहते ती बारीक लाटांच्या जोरावर. म्हणून नोटीसबोर्डाच्या फोटोत अक्षरांभोवती किडे वळवळल्यासारखी घाण दिसते, आणि अनुस्वार गायब होतो.

गॅलरीतून फोटो काढून, कडा कापून पुन्हा पाठवलात तर मात्र झीज खरी. कापल्यामुळे चौकोन सरकतात, भागाकार नव्याने होतात.

‘एका बोटात फोर-के’ करून देणाऱ्या ॲपांबद्दलही बोललं पाहिजे. शून्य झालेला तपशील परत येत नाही. ही ॲपं असंख्य चेहऱ्यांवरून शिकून ‘इथे बहुधा अशी भुवई असेल’ असा अंदाज रंगवतात. आजोबांचा फोटो चकचकीत होतो खरा, पण त्यातला चेहरा आजोबांचाच आहे याची हमी कुणी देत नाही.

डॉक्युमेंट म्हणून पाठवलेली फाइल जशीच्या तशी जाते, यातला एक काटा लक्षात असू द्या. कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल तर फोटो काढल्या जागेचे अक्षांश-रेखांश त्या फाइलीत असतात. साध्या फोटोतून व्हॉट्सॲप ती नोंद काढून टाकतं, डॉक्युमेंटमधून नाही. घरातला फोटो दोनशे जणांच्या ग्रुपवर टाकण्यापेक्षा थेट फ्लेक्सवाल्याला पाठवा, तोही लोकेशन काढून.