साडेसोळा मिलिमीटरच्या रुळावर आपले डबे

भारतीय डब्यांच्या प्रतिकृती जमवणारे दोघे भेटले की रंग, क्रमांक आणि खिडक्यांच्या गजांवरून सुरू झालेलं बोलणं हमखास चाकांपाशी येतं. आपला ब्रॉडगेज डबा १:८७ मध्ये, म्हणजे खऱ्याच्या सत्याऐंशी पट लहान बनवायचा, तर तो साडेसोळा मिलिमीटरच्या रुळावर का उभा करायचा? हा वाद नवा नाही, आणि त्याचं मूळ भारतात नाही.

१८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत गोपिंगेनच्या एका जर्मन खेळणीवाल्याने रुळांच्या रुंदीला क्रमांक दिले. एकाच मापाचे रूळ मिळू लागले, म्हणून आज इंजिन आणि पुढच्या नाताळात दोन डबे असं घेता येऊ लागलं. डबे जमवण्याची सवय तिथून लागली. पुढे ‘शून्य’ क्रमांकाची ३२ मिलिमीटरची रुंदीही घराला मोठी वाटू लागली. १९३५ मध्ये लाइपझिगलाच टेबलावर मावणारी, १६.५ मिलिमीटर रुळांची रेल्वे आली. अर्धा शून्य म्हणून नाव पडलं एच-शून्य. आपण त्याला एचओ म्हणतो.

गोंधळ सुरू होतो तो स्केल आणि गेज हे एकच समजल्यामुळे. स्केल सांगतं डबा किती पट लहान. गेज सांगतं दोन रुळांतलं अंतर. युरोप-अमेरिकेतला १,४३५ मिलिमीटरचा मार्ग ८७ने भागला की बरोबर १६.५ येतात, त्यामुळे तिथे दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी चालून जातात. आपला मार्ग १,६७६ मिलिमीटरचा. त्याला ८७ने भागलं की १९.२६ येतात. म्हणजे आपल्या १:८७ डब्याखाली जे रूळ असतात, ते खरं तर परक्या, अरुंद मार्गाचे असतात.

फरक पावणेतीन मिलिमीटरचा. ऐकायला काहीच नाही. पण डबा समोरून डोळ्याच्या पातळीला धरून बघा. सव्वासदतीस मिलिमीटर रुंद पेटी, आणि चाकं दोन्ही बाजूंनी जवळजवळ दीड-दीड मिलिमीटर आत ओढलेली. खऱ्या डब्याचं ते पाय रोवून उभं राहणं हरवतं. एकदा हे दिसलं की नंतर दिसायचं थांबत नाही.

दुसरा रस्ता होता. रूळ १६.५ चे ठेवून डबाच १:१०१.६ ला बनवायचा, की मार्ग अचूक जुळतो. जपानने असाच हिशेब उलटा केला: तिथले जुने मार्ग १,०६७ मिलिमीटरचे, म्हणून डबा १:८० ला मोठा केला. ब्रिटिशांनी १:७६ घेतलं, कारण त्यांची इंजिनं मुळातच लहान आणि त्या काळच्या विजेच्या मोटर १:८७ च्या इंजिनात मावत नव्हत्या. पण आपण १:१०१.६ घेतलं असतं तर बाजारातली माणसं, इमारती, सिग्नल, परदेशी इंजिनं यांतलं काहीच शेजारी शोभलं नसतं. रुंद मार्गाच्या स्पेननेही १:८७ चा डबा १६.५ वरच चालवला. ब्रिटनमध्ये १९६०च्या दशकात काहींनी हट्टाने १:७६ ला जुळणारे १८.८३ चे रूळ हाताने टाकले. दुकानातला डबा मात्र आजही १६.५ वरच येतो. म्हणून मला आपल्या निर्मात्यांचा निर्णय बरोबर वाटतो. चाकांच्या अचूकतेसाठी अडून बसलो असतो, तर भारतीय डबा कपाटात आलाच नसता, आणि तसं झालं असतं तर फार मोठं नुकसान होतं.

कारण खरे डबे भराभर बदलत आहेत. चेन्नईतल्या पेरांबूरच्या कारखान्यात १९५५ पासून बनणारे जुन्या धाटणीचे डबे जानेवारी २०१८ मध्ये बनायचे थांबले. त्यांची लांबी १:८७ मध्ये साडेचोवीस सेंटीमीटर, नव्या एलएचबीची, म्हणजे जर्मन धाटणीच्या डब्यांची, सत्तावीस. बावीस डब्यांचा एलएचबी रेक मांडायला सहा मीटर भिंत लागते, आणि तंग वळणावर या लांब डब्यांची टोकं रुळाबाहेर डोकावतात. १९३० पासून धावणाऱ्या डेक्कन क्वीनलाही जून २०२२ मध्ये एलएचबी डबे मिळाले. डायनिंग कार टिकली, पण रंग बदलला. ही गाडी जमवायची तर आता जुन्या-नव्या दोन रेकची तयारी हवी.

पैशाचं गणितही बदललं. खेळणी आणि मापातल्या प्रतिकृती जकातीत एकाच शीर्षकाखाली येतात. त्यामुळे फेब्रुवारी २०२०च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० झालं आणि २०२३ मध्ये ७०, ते बाहेरून मागवलेल्या डब्यालाही लागलं. देशी कारखानदारीला आधार द्यायचा हेतू मान्य. पण छंदासाठी बनवलेला, बारीक अक्षरं छापलेला डबा आणि तान्ह्या मुलाचा खुळखुळा एका तराजूत तोलणं मला पटत नाही. जर्मन किंवा अमेरिकी डबे जमवणाऱ्यांना याची झळ बसली. भारतीय डबे जमवणाऱ्यांना ती तुलनेने कमी बसली, कारण त्यांचे काही निर्माते इथेच आहेत.

पुण्यात कोथरूडला १९९८ पासून लघुरेल्वेचं संग्रहालय खुलं आहे. तिथे काचेला नाक लावून उभ्या राहिलेल्या कितीतरी मुलांची छोट्या रेल्वेशी ओळख झाली. त्यांच्यापैकी जे आज डबे घेतात, ते आधी डब्यावरचा क्रमांक आणि विभागाची अक्षरं वाचतात, मग डबा उलटा करून चाकं बघतात.