वार्धक्यातील नैराश्य : निवास व सामाजिक आधार

वृद्ध व्यक्ती कोठे व कोणासोबत राहते, तिला कोणाचा आधार आहे आणि तिला नैराश्य येण्याची शक्यता किती, यांतील संबंध. मराठी घरांत हे दुखणे ‘करमत नाही’, ‘अन्न गोड लागत नाही’, ‘झोप नाही’ अशा शब्दांत सांगितले जाते आणि वयाचे म्हणून सोडून दिले जाते. भारतातील वार्धक्याच्या राष्ट्रीय पाहणीत (लासी, 2017–18) साठीवरील 8.3 टक्के व्यक्तींत तीव्र नैराश्य संभवते असे आढळले. निदान झालेले केवळ 0.8 टक्के होते. ही तफावत अस्वस्थ करणारी आहे.

वृद्धांतील नैराश्य मोजण्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ यासावेज व सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकारंभी रचलेल्या 30 प्रश्नांच्या (पुढे 15 प्रश्नांच्याही) मापनश्रेणीत शारीरिक तक्रारी मुद्दाम वगळल्या आहेत. कारण अंगदुखी व निद्रानाश निव्वळ वयोमानानेही संभवतात.

एकत्र कुटुंब नैराश्यापासून राखते, हे मत जुने आहे. एकटे राहणाऱ्यांत नैराश्य अधिक असल्याचे अनेक भारतीय पाहण्यांत दिसते. मात्र एकट्या राहणाऱ्या वृद्धांत विधवांचे प्रमाण मोठे असल्याने वैधव्य, हाती पैसा नसणे आणि एकटे राहणे यांचे परिणाम वेगळे काढणे कठीण जाते. उलट, नैराश्यामुळेच माणूस इतरांपासून तुटत जातो, असेही घडते. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइस यांनी 1973 मध्ये जिव्हाळ्याच्या नात्याअभावी येणारा भावनिक एकाकीपणा आणि गोतावळ्याअभावी येणारा सामाजिक एकाकीपणा असा भेद केला. भरल्या घरात गप्प बसलेली आजी किंवा मुलांकडे पाळीने राहणारे आईवडील यांची स्थिती त्यातून नीट उलगडते. तेव्हा चूल एक असणे हा पुरेसा निकष मानता येत नाही.

आधार नेहमीच उपयोगी पडतो की केवळ संकटकाळी, यावर दोन मते आहेत. मानसशास्त्रज्ञ कोहेन व विल्स (1985) यांना दोन्ही परिणामांचे पुरावे आढळले : माणसांच्या जाळ्यात असणे एरवीही हितकर, तर गरजेनुरूप मदत ताणाच्या वेळी उपयोगी. त्याआधी वार्धक्याच्या अभ्यासक लोवेंथल व हेवन (1968) यांनी मन मोकळे करण्याजोग्या एका माणसाचे महत्त्व दाखवले होते. वार्धक्यापुरते तेच अधिक ग्राह्य वाटते.

वृद्धाश्रमांतील स्थिती प्रवेश स्वेच्छेचा की नाइलाजाचा, यानुसार बदलू शकते. महाराष्ट्रात ज्येष्ठ नागरिक संघ व विरंगुळा केंद्रे चालतात. 14567 हा ज्येष्ठांसाठीचा राष्ट्रीय मदतक्रमांक आहे. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाविषयीच्या 2007 च्या कायद्याने मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो.