दिल्लीचं शिक्षण मंत्रालय नक्की काय चालवतं? थोडा मागचा इतिहास

एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा आणणारा जीआर निघाला, १७ जूनला तो बदलला आणि २९ जूनला दोन्ही जीआर मागे घेतले गेले. त्या काळात ज्याच्याशी बोलावं तो एकच विचारायचा, हे दिल्लीनं सांगितलंय का मुंबईनं ठरवलंय? प्रश्न अगदी रास्त होता. जीआर राज्याच्या शालेय शिक्षण विभागाचा, आधार मात्र केंद्राच्या २०२० च्या धोरणाचा, आणि त्या धोरणात तर असं लिहिलंय की तीन भाषा शिकवा पण कुठलीही एक भाषा लादू नका. मग जबाबदारी कोणाची? ह्याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही कारण शिक्षणाचा अधिकार गेल्या पावणेदोनशे वर्षांत सारखा वरून खाली आणि खालून वर सरकत आलाय, आणि माझं मत सरळ सांगतो, तो कायद्याच्या वाटेनं जेवढा सरकला त्याहून जास्त पैशाच्या वाटेनं सरकलाय.

सुरुवात १८५४ च्या वुडच्या खलित्यापासून करू, म्हणजे भारतातल्या शिक्षणाबद्दल लंडनहून आलेल्या आदेशापासून. त्यात प्रत्येक प्रांतात वेगळं शिक्षण खातं काढायचं, शाळा तपासायला इन्स्पेक्टर नेमायचे आणि खाजगी शाळांना सरकारी ग्रँट द्यायची असं ठरलं. ग्रँट पाहिजे तर तपासणी करून घ्या, ही आपल्या ओळखीची पद्धत तिथूनची आहे. १८५७ ला मुंबई, कलकत्ता, मद्रास अशी तीन विद्यापीठं निघाली. पैसा मात्र वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणाकडे जायचा, आणि हे सगळ्यात ठणकावून सांगितलं ते जोतीराव फुल्यांनी, शिक्षणाची पाहणी करायला सरकारनं नेमलेल्या १८८२ च्या हंटर आयोगापुढे. शेतकऱ्यांकडून वसूल केलेला महसूल वरच्या वर्गाच्या शिक्षणावर खर्च होतो, प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं करा, असं त्यांचं म्हणणं होतं. मला तर वाटतं आजच्या केंद्र-राज्य भांडणाची खरी सुरुवात ह्या निवेदनात आहे, पैसा कोणाकडून येतो आणि कोणाच्या मुलांवर जातो हे इतक्या स्पष्टपणे त्याआधी कोणी सरकारला विचारलंच नव्हतं.

मग १९१० ला व्हाइसरॉयच्या सरकारात पहिल्यांदा वेगळा शिक्षण विभाग निघाला आणि मार्च १९११ मध्ये गोखल्यांनी केंद्रीय कौन्सिलात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. विधेयक तसं फार सांभाळून लिहिलेलं होतं, सगळीकडे एकदम सक्ती नाही, ज्या भागात आधीच बरीच मुलं शाळेत जातायत तिथंच आणि तेही स्थानिक संस्थेला वाटलं तर, खर्चाचे दोन हिस्से सरकारचे आणि एक स्थानिक संस्थेचा. तरी सरकारनं मान्य केलं नाही. मार्च १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. देशभर कायदा झाला नाही पण संस्थानांनी करून दाखवलं, बडोद्यात सयाजीरावांनी १९०६ ला सक्ती आणली होती, कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ ला, मूल शाळेत पाठवलं नाही तर आईबापाला महिना एक रुपया दंड. विठ्ठलभाई पटेलांचा मुंबई प्रांताचा कायदा १९१८ चा.

इंग्रजांनी १९१९ ला राज्यकारभारात केलेल्या सुधारणांनंतर शिक्षण प्रांतांच्या भारतीय मंत्र्यांकडे गेलं. केंद्राकडे उरलं काय तर सल्ला द्यायचं काम, त्यासाठी १९२० ला केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळ निघालं, ज्याला सगळे कॅब म्हणतात. १९२३ ला खर्चकपातीत ते बंदही केलं आणि १९३५ ला परत सुरू केलं.

स्वातंत्र्यानंतर मौलाना आझाद पहिले शिक्षणमंत्री, १९५८ पर्यंत तेच होते. राज्यघटनेत शिक्षण राज्यांच्या यादीत ठेवलं गेलं, पण केंद्राच्या यादीत ६३ ते ६६ अशा चार नोंदी ठेवल्या, त्यातली ६६ नंबरची नोंद म्हणजे उच्च शिक्षणाचा दर्जा ठरवणं आणि त्यात समन्वय ठेवणं. वाचायला साधी ओळ वाटते पण विद्यापीठांवर केंद्राचं जे वजन आज आहे ते बहुतेक ह्याच ओळीवर उभं आहे. युजीसी म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोग १९५३ ला सुरू झालं, १९५६ ला त्याचा कायदा झाला, आणि त्याच वर्षी अध्यक्ष म्हणून आले आपले सी. डी. देशमुख, ज्यांनी मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला होता. ते १९६१ पर्यंत तिथं होते. युजीसीकडे दोन कामं एकत्र दिलेली होती, दर्जा ठरवायचा आणि पैसेही वाटायचे. विद्यापीठ राज्याच्या कायद्यानं निघालेलं, पगार राज्य देणार, पण नवीन इमारत, लायब्ररी, लॅबसाठी युजीसीकडे जायचं आणि गेलं की त्यांची अट पाळायची.

ती ६६ वी नोंद किती पोचते हे पहिल्यांदा कोर्टात ठरलं ते अहमदाबादच्या एका मराठी माध्यमाच्या मुलामुळे, आणि ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाला माहीत नसते म्हणून जरा सविस्तर सांगतो. १९६० ला तो मराठीतून एसएससी झाला आणि तिथल्या सेंट झेवियर्स कॉलेजात इंग्रजी माध्यमात आर्ट्सच्या पहिल्या वर्षाला गेला. पुढच्या वर्षी कॉलेजनं सांगितलं की गुजरात युनिव्हर्सिटीच्या नियमानं आता गुजराती किंवा हिंदीतूनच शिकवायचं, इंग्रजीची परवानगी नाही. वडील कोर्टात गेले, केस सुप्रीम कोर्टापर्यंत पोचली आणि १९६२ ला निकाल त्यांच्या बाजूनं लागला. एकच भाषा सक्तीची करायचा अधिकार युनिव्हर्सिटीला नाही, आणि कोर्टानं पुढे असंही म्हटलं की माध्यमाचा परिणाम दर्जावर होत असेल तर तो विषय केंद्राच्या नोंदीत येतो आणि तिथं राज्याचा कायदा मागे पडतो. एका मुलाच्या अ‍ॅडमिशनपुढच्या अडचणीतून केंद्राचा अधिकार इतका स्पष्ट झाला.

शाळांच्या बाबतीत मात्र तोपर्यंत दिल्ली तशी लांबच होती. केंद्राची पाठ्यपुस्तकं काढणारं एनसीईआरटी १९६१ चं, केंद्रीय विद्यालयं बदली होणाऱ्या केंद्र सरकारी नोकरांच्या मुलांसाठी १९६३ पासून. आपली पुस्तकं आपली बालभारतीच काढायची, ती पुण्यात १९६७ ला सुरू झाली. सगळ्या शिक्षणाचा आढावा घेणारा केंद्राचा कोठारी आयोग १९६४ ते ६६, त्याचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक, कोल्हापूरकडचे, आणि राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के शिक्षणावर खर्च करा हा जो आकडा प्रत्येक सरकार आजही म्हणतं तो ह्याच आयोगाचा. १९६८ च्या धोरणात आला, १९८६ च्या धोरणात आला, २०२० च्या धोरणातही आहे. अजून आपण तिथपर्यंत पोचलेलो नाही.

मोठा बदल झाला आणीबाणीत. बेचाळिसावी घटनादुरुस्ती, १९७६. राज्यांच्या यादीतली शिक्षणाची ११ नंबरची नोंद काढून टाकली आणि विषय समवर्ती सूचीत नेला, ३ जानेवारी १९७७ पासून लागू. म्हणजे दोघांनीही कायदा करायचा पण टक्कर झाली तर सहसा केंद्राचा चालणार. एवढा मोठा निर्णय विरोधी पक्षाचे कितीतरी खासदार जेलमध्ये असताना झाला हे मला आजही पटत नाही. नंतर जनता सरकार आलं, आणीबाणीतल्या बऱ्याच गोष्टी त्यांनी उलटवल्या, शिक्षण मात्र समवर्ती सूचीतच राहिलं.

२६ सप्टेंबर १९८५ ला शिक्षण मंत्रालयाचं मनुष्यबळ विकास मंत्रालय झालं. पहिले मंत्री नरसिंह राव, तेव्हा ते आपल्या रामटेकचे खासदार होते. पहिली दोन नवोदय विद्यालयं निघाली ती हरियाणात झज्जरला आणि आपल्याकडे अमरावतीला. १९८६ चं धोरण आलं, खडू-फळा मोहीम आली, १९८७ ला एआयसीटीईला, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेला, कायद्याचा आधार मिळाला आणि इंजिनिअरिंग कॉलेजांची मान्यता दिल्लीच्या हातात गेली. आता केंद्राचा पैसा थेट झेडपीच्या शाळेत दिसायला लागला. १९९५ ला शाळेतल्या पोषण आहाराची योजना, २००१ ला सर्व शिक्षा अभियान, २००४ पासून इन्कम टॅक्ससकट केंद्राच्या करांवर २ टक्के शिक्षण सेस म्हणजे करावरचा जादा कर, २००७ ला अजून १ टक्का. सेसचा पैसा राज्यांना करातल्या वाट्यासारखा आपोआप मिळत नाही, तो केंद्राच्या योजनेतूनच येतो, आणि योजना म्हटली की अटी आल्याच. सर्व शिक्षा सुरू झालं तेव्हा केंद्राचे ८५ आणि राज्याचे १५ असा हिशोब होता, मग ७५-२५ झाला, आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा आल्यावर ६५-३५ आणि २०१५-१६ पासून बहुतेक राज्यांसाठी ६०-४०. केंद्राचा हिस्सा कमी होत गेला, अटी काही त्या हिशोबात कमी झाल्या नाहीत!

आता हे सगळं गावातल्या शाळेत कसं दिसतं बघा. मुख्याध्यापक एका कॉम्प्युटरवर, बऱ्याचदा स्वतःच्या मोबाइलवर, दोन पोर्टल सांभाळत असतात. एक शालार्थ, त्यावर पगार बिलं, ते राज्याचं. दुसरं यू-डायस प्लस, ते दिल्लीचं. त्यात वर्गखोल्या किती, त्यातल्या दुरुस्तीच्या किती, मुलींचं टॉयलेट चालू आहे का, हात धुवायची सोय, रॅम्प, वीज, आणि एकेका मुलाचं नाव, जन्मतारीख, आधार, आणि स्पेलिंग जुळलं नाही की परत पालकांना बोलवा. ह्याच माहितीवर राज्याचा वार्षिक आराखडा बनतो, दिल्लीत मंत्रालयाच्या सचिवांच्या अध्यक्षतेखालचं मंजुरी मंडळ तो तपासून पास करतं आणि मग समग्र शिक्षा ह्या सर्व शिक्षाच्या जागी आलेल्या केंद्राच्या योजनेतून शाळेला अनुदान येतं, पट ३० पर्यंत असेल तर वर्षाला १०,०००, शंभरपर्यंत २५,०००, हजाराच्या वर पट असेल तर १ लाख. त्यात लाइट बिल, खडू, झाडू, किरकोळ दुरुस्ती सगळं बसवायचं. शिक्षकांच्या पगाराचा मोठा बोजा राज्यावर, पण शाळेचं मोजमाप दिल्लीच्या फॉर्मवर. राज्य उचलतं त्या खर्चाच्या मानानं राज्याचं म्हणणं फार कमी ऐकलं जातं असं मला वाटतं.

कॉलेजांचंही वेगळं नाही. सहाव्या वेतन आयोगाच्या वेळी युजीसीच्या पगाराच्या स्केलमुळे वाढलेल्या खर्चाचा ८० टक्के भाग सुरुवातीची काही वर्षं केंद्र देणार असं ठरलेलं, आधी तुम्ही वाटा मग आम्ही देऊ का आधी तुम्ही द्या मग आम्ही वाटू ह्यात थकबाकी अडकली आणि २०१३ ला महाराष्ट्रातल्या प्राध्यापकांनी परीक्षांवर बहिष्कार टाकला. लटकले पोरांचे रिझल्ट.

२०२० च्या जुलैमध्ये नवीन धोरण मंजूर झालं आणि मंत्रालयाचं नाव परत शिक्षण मंत्रालय झालं. आत दोन विभाग, एक शालेय शिक्षण आणि साक्षरता, दुसरा उच्च शिक्षण. धोरण म्हणजे कायदा नाही, ते पाळायलाच पाहिजे असं राज्यावर थेट बंधन नाही, मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानंही एका याचिकेवर सांगितलं की धोरण स्वीकारा असा थेट हुकूम आम्ही राज्यांना देऊ शकत नाही. पण पैसा परत मध्ये आलाच. पीएम श्री ह्या केंद्राच्या आदर्श शाळांच्या योजनेच्या करारात हे धोरण राबवायचं कबूल करावं लागतं, तमिळनाडूनं त्यावर सही केली नाही आणि त्यांचा समग्र शिक्षाचा निधी अडकला. राज्य सुप्रीम कोर्टात गेलं. त्याच निधीत आरटीईखाली खाजगी शाळांत गरीब आणि वंचित मुलांसाठी ठेवायच्या २५ टक्के जागांच्या फीचे पैसेही होते, त्यामुळे २०२५ ला तिथले ते प्रवेश खोळंबले, आणि जूनमध्ये मद्रास हायकोर्टानं म्हटलं की आरटीईचे पैसे धोरणाशी जोडायची गरज नाही, ते वेगळे द्यायचा केंद्रानं विचार करावा.

आपल्याकडे तेच २५ टक्के उलट्या बाजूनं अडकले होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारनं नियम बदलला की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला ह्या जागांतून सूट, आणि जुलैमध्ये मुंबई हायकोर्टानं तो रद्द केला, कारण मूळ कायदा संसदेचा आहे आणि त्यानं दिलेला हक्क राज्याला नियम करून काढता येत नाही.