निवडून ठेवलेलं आणि शिजवून ठेवलेलं

संध्याकाळच्या ठाणे लोकलच्या लेडीज डब्यात मांडीवर पिशवी पसरून गवार मोडणाऱ्या, मटार सोलणाऱ्या बायका मी लहानपणापासून पाहत आले आहे. मुलुंड येईपर्यंत पाव किलो गवार मोडून व्हायची आणि घरी गेल्यावर फक्त फोडणी द्यायची राहायची. हल्ली ज्याला मील प्रेप, म्हणजे जेवणाची आगाऊ तयारी, म्हणतात, त्याची ही एक तऱ्हा. दुसरी मोबाइलवर दिसते: रविवारी दुपारी ओट्यावर ओळीनं मांडलेले दहा डबे, प्रत्येकात भात, भाजी, कडधान्य, म्हणजे शुक्रवारपर्यंतची सोय झाली. नाव एकच असल्यामुळे नव्यानं सुरुवात करणारा बहुतेक वेळा थेट दहा डब्यांवर जातो. मीही गेले होते. बुधवारी डबा उघडला तेव्हा भेंडीला तार सुटली होती, पोळी चामड्यासारखी झाली होती आणि घरातलं कुणीही ते खायला तयार नव्हतं.

दोन्हींतला खरा फरक शेगडीचा आहे. पहिल्या प्रकारात काम शेगडीपाशी येऊन थांबतं: निवडणं, सोलणं, चिरणं, भिजवणं, मोड आणणं. दुसऱ्यात अन्न शिजतं, निवतं आणि मग साठवलं जातं. कच्ची भाजी बिघडू लागली की बहुधा दिसतं. ती सुकते, पिवळी पडते, चिकट होते. शिजलेलं अन्न मात्र रंगावासाला ठीक असूनही पोट बिघडवू शकतं, म्हणून त्याचे नियम कडक आहेत.

भाताचंच बघा. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते शिजवल्यानंतरही टिकतात. भात तासन्‌तास ओट्यावर राहिला की त्यांच्यातून जिवाणू वाढतात आणि विषं तयार करतात. यातलं एक विष पुन्हा कितीही गरम केलं तरी जात नाही. ‘उद्या चांगला परतून घेऊ, फोडणीचा भात करू’ या भरवशावर रात्रभर बाहेर ठेवलेला भात म्हणूनच धोक्याचा. आपल्याकडच्या मे महिन्यात तर शिजलेलं अन्न तासाभरात फ्रिजमध्ये गेलेलं बरं, एरवी दोन तास ही शेवटची मर्यादा. मोठं पातेलं तसंच आत ढकललं तर मधला भाग कितीतरी वेळ कोमट राहतो. त्यापेक्षा पातेलं गार पाण्याच्या परातीत ठेवून अन्न ढवळावं आणि पसरट डब्यांत काढावं. फ्रिजचं तापमान ४ अंशांच्या आसपास हवं. अशा फ्रिजमध्ये वरण, उसळ, रस्सा तीन दिवस चांगले राहतात. भात मी दुसऱ्या दिवशीच संपवते. म्हणजे रविवारी शिजवलेलं शुक्रवारी खायचं असेल, तर ते पहिल्याच दिवशी फ्रीजरमध्ये जायला हवं. राजमा, छोले, घट्ट वरण तिथे छान राहतं. बटाट्याची भाजी आणि काकडी घातलेलं काहीही राहत नाही.

निवडून ठेवण्यात एवढी धास्ती नाही, पण प्रत्येक भाजीचा स्वभाव वेगळा. ठाण्याच्या जांभळी नाक्यावरून पावसाळ्यात आणलेली मेथी ओलीचिंब असते. ती तशीच पिशवीत राहिली तर दोन दिवसांत सडते. मुळं कापायची, पिवळी पानं काढायची, फडक्यावर पसरून कोरडी करायची आणि सुती कापडात गुंडाळून ठेवायची. धुवायची मात्र चिरण्याआधी. वर्तमानपत्रात गुंडाळायची सवय सोडून द्या, छपाईची शाई अन्नाला लागणं चांगलं नाही. गवार, घेवडा मोडून, मटार सोलून, फ्लॉवरचे तुरे काढून डब्यात ठेवले तर तीन-चार दिवस निभतात. भेंडी धुऊन अगदी कोरडी पुसावी आणि आयत्या वेळीच चिरावी. वांगं, बटाटा आधी चिरून काळे पडतात. कोबीही फार बारीक चिरून ठेवू नये. चिरलेल्या भाजीला हवा लागली की क जीवनसत्त्व कमी होत जातं.

मटकीसाठी वेगळा वेळ लागतच नाही. रात्री भिजत घाला, सकाळी उपसून फडक्यात बांधा. उकाड्याच्या दिवसांत दुसऱ्या सकाळपर्यंत मोड येतात. मग लगेच फ्रिजमध्ये ठेवून दोन दिवसांत शिजवून खायची.

या दोन तऱ्हांच्या मध्ये वाटण येतं, आणि माझ्या मते आपल्या स्वयंपाकाचा निम्मा वेळ तेच खातं. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण बर्फाच्या ट्रेमध्ये घालून गोठवा. दोन वड्या काढल्या की उसळीचं काम झालं. ओल्या नारळाचं वाटण साध्या फ्रिजमध्ये लवकर आंबतं, त्याला फ्रीजरच हवा.

आरोग्याच्या दृष्टीनं मी निवडून ठेवण्याच्या बाजूची आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये दिलेल्या आहारसूचनांनुसार निम्मं ताट भाज्या, पालेभाज्या, कंदमुळं आणि फळांनी भरलेलं असावं. आपल्या घरांत भाजी कमी पडते ती बहुतेकदा कंटाळ्यामुळे. रात्री साडेआठला दारात पाऊल टाकल्यावर मेथी कोण निवडणार? मग डाळ-भात किंवा बाहेरून मागवलेलं. मेथी निवडलेली असली की तीच भाजी दहा मिनिटांत होते, ताजी, कमी तेलात.

तरी शिजवून ठेवणं सगळ्यांसाठी चुकीचं नाही. ऐरोली-महाप्याला रात्रपाळी करणारा, एकटा राहणारा मुलगा पहाटे घरी येऊन फोडणी देत बसणार नाही. त्यानं दोन दिवसांचं वरण आणि उसळ करून ठेवावी आणि खाताना लागेल तेवढंच वेगळं काढून वाफ येईपर्यंत गरम करावं. सगळा डबा पुन्हा पुन्हा गरम-गार करू नये.

पहिल्या रविवारी तीनच कामं करा: एक पालेभाजी निवडा, एक शेंगभाजी मोडा, मटकी भिजवा. पाऊण तास लागतो, घरातलं कुणी गवार मोडायला बसलं तर त्याहून कमी. बुधवारी संध्याकाळी स्टेशनवरून येताना पुन्हा दोन भाज्या घ्या.