किनारीतली फुलं मोजताना

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो मेसेज पुन्हा एकदा येऊन पडला. पांढरी व्हॅन, साधूंचा वेश, मुलं पळवून किडन्या काढणारी टोळी, आणि शेवटी हात जोडलेल्या चित्रासह ‘सोलापूरकरांनो सावधान’. मी हाच मेसेज आधीही वाचलाय. तेव्हा गाव दुसरं होतं, बाकी शब्द न् शब्द तोच.

सोलापूर जिल्ह्यात राहणाऱ्याने तरी असला मेसेज पुढे ढकलू नये. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात ‘मुलं पळवणारे’ म्हणून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. ती नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागून पोट भरणारी माणसं होती आणि त्यातली बहुतेक आपल्या मंगळवेढा तालुक्यातली होती. सप्टेंबर २०२२ मध्ये पंढरपूरकडे निघालेल्या चार साधूंना जत तालुक्यातल्या लवंग्यात याच संशयावरून मार पडला. किडनी काढून खपवायला शस्त्रक्रियागृह लागतं, रक्त आणि ऊतींची जुळणी लागते, काही तासांत ती बसवायला रुग्ण तयार लागतो. व्हॅनच्या मागच्या सीटवर हे होत नाही, एवढं दहावीच्या पोरालाही कळायला हवं.

मेसेजवरून चहाच्या गाड्यावर चर्चा झाली. आमच्या शेजारी एक मामा आहेत, पूर्वभागातल्या कारखान्यांत तीस वर्षं जॉबर म्हणून काढलेली. माग बिघडला की आजही त्यांनाच बोलावणं येतं. ते म्हणाले, “सर, आता पूर्वीसारखं राहिलं नाही. नुसतं हाड सापडलं तरी डीएनए करतेत. दोन तासांत खुनी कोण ते कळतंय. सिरियलमध्ये दाखवतेत की.”

मी आयुष्यभर कॉलेजात जीवशास्त्र शिकवलं. चहा गार झाला तरी चालेल, पण हे वाक्य तसंच सोडणं मला जमण्यासारखं नव्हतं.

मूल हरवल्याची तक्रार आहे आणि काही महिन्यांनी कुठल्याशा ओढ्यात हाडं सापडली, असं धरू. तपास अधिकाऱ्याला पहिल्यांदा खुनी शोधायचा नसतो. त्याच्यापुढचा पहिला प्रश्न असतो की ही हाडं कुणाची. ती माणसाचीच आहेत का, इथपासून सुरुवात. शेळीच्या आणि लहान मुलाच्या बरगडीत अनुभवी माणसाचीही गल्लत होते. मग वय. मुलांच्या बाबतीत दात हे उत्तम घड्याळ आहे: सहाव्या वर्षाच्या सुमारास पहिली कायमची दाढ येते, बाराव्याच्या सुमारास दुसरी, आणि जबड्याच्या आत न उगवलेले दात किती तयार झालेत हे एक्स-रेमध्ये दिसतं. मोठ्या माणसाच्या कमरेच्या हाडावरून बाई की पुरुष हे सांगता येतं. वयात न आलेल्या मुलाचं तसं खात्रीने सांगता येत नाही. म्हणजे आठ वर्षांचं मूल, एवढ्यावर गाडी थांबते. मुलगा की मुलगी हेही कळलेलं नसतं.

इथून पुढे डीएनए. आणि इथेच मला मामांच्या जकार्डाची, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्राची, फार मदत झाली.

चादरीची किनार आठवा. एकच फूल पुन्हा पुन्हा येतं. जकार्डावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते आणि तीच नक्षी पुन्हा विणली जाते. आपल्या डीएनएतही अशा किनारी आहेत. ए, टी, जी, सी ही चार अक्षरं शाळेत झालेली आहेत. त्यातला फार मोठा भाग माझ्यात आणि तुमच्यात सारखाच असतो, त्याचा ओळख पटवायला उपयोग नाही. पण काही ठिकाणी चार अक्षरांचं एक फूल, उदाहरणार्थ जीएटीए, एकापुढे एक येत राहतं: जीएटीए, जीएटीए, जीएटीए. फूल सगळ्यांचं तेच, फक्त ते किती वेळा आलंय हे माणसागणिक बदलतं. कुणाकडे बारा वेळा, कुणाकडे पंधरा. गुन्हा तपासणारी प्रयोगशाळा तुमचा अख्खा डीएनए वाचत बसत नाही. वीसेक ठरलेल्या जागी जाते आणि फुलं मोजते.

जीएटीए हे नाव काढलं की मला एक साप आठवतो. पट्टेरी मण्यार. लालजी सिंह हे आपले शास्त्रज्ञ या सापाच्या मादीतलं लिंग ठरवणारं गुणसूत्र अभ्यासत होते. त्यात त्यांना जीएटीए, जीएटीए असा जप सापडला. पुढे कळलं की हाच जप माणसातही जागोजागी आहे. सापाकडून मिळालेल्या त्या तुकड्याचा आमिषासारखा वापर करून त्यांनी हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेत १९८० च्या दशकाच्या अखेरीस भारताची स्वतःची डीएनए ठसा पद्धत उभी केली. परदेशी तंत्र विकत आणलं नाही. मण्याराच्या नावाने रात्री उंबऱ्याबाहेर पाय न ठेवणाऱ्या आपल्या गावांमध्ये ही गोष्ट कुणी सांगत नाही, याचं मला वाईट वाटतं.

असो. प्रत्येक जागी आपल्याकडे दोन किनारी असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. मूल नवी किनार स्वतः विणत नाही, मिळालेली वापरतं. एका जागी आईकडे १२ आणि १४ फुलं आहेत, बापाकडे १५ आणि १७. तर मुलाकडे १२-१५, १२-१७, १४-१५ किंवा १४-१७ यांपैकीच काहीतरी असणार. हाडात १३-१६ निघालं तर ते मूल या जोडप्याचं नाही म्हणायला हरकत नाही. अगदी क्वचित एखादं फूल पिढी बदलताना वाढतं किंवा गळतं, म्हणून एकाच जागेवरून निकाल देत नाहीत, दोन-तीन जागी बिनसावं लागतं.

आता हाडात १२-१५ निघालं. जुळलं! पण किती जुळलं? समजा आपल्या लोकसंख्येत १२ फुलांची किनार दहांत एक आणि १५ फुलांची पाचांत एक आढळते. मग रस्त्यावरचा कुणीही माणूस १२-१५ असण्याची शक्यता दोन गुणिले एक दशांश गुणिले एक पंचमांश, म्हणजे शंभरात ४. आणि या जोडप्याचं मूल १२-१५ असण्याची शक्यता चारात एक, म्हणजे शंभरात २५. पंचवीसला चाराने भागा: सव्वासहा. एका जागेने पारडं सव्वासहा पटीने या आईबापांकडे झुकलं. अशा दहा जागा जुळल्या तर दहा जागांचे दहा सव्वासहा एकमेकांना गुणायचे. उत्तर नऊ कोटींच्या वर जातं.

याच हाडासाठी फक्त आईचं रक्त मिळालं, बाप सापडलाच नाही, तर? आईकडून १२ येण्याची शक्यता निम्मी, आणि १५ मात्र कुठूनही आलेली धरावी लागते, म्हणजे पाचांत एक. गुणाकार शंभरात १०. दहाला चाराने भागलं की अडीच. दहा जागांचे अडीच एकमेकांना गुणले की होतात साडेनऊ हजार. नऊ कोटी कुठे आणि साडेनऊ हजार कुठे! हरवलेल्या मुलांच्या हजारो आयांच्या यादीशी हाड ताडून पाहिलं, तर साडेनऊ हजारात एखादी आई निव्वळ योगायोगाने जुळू शकते. म्हणून बापाचंही रक्त घ्यायचं, तो नसेल तर आजी-आजोबांचं, भावंडांचं. जुन्या लोकांना अडीचकी पाठ होती, अडीच अडीचे सव्वासहा. त्यांना हे गणित माझ्या विद्यार्थ्यांपेक्षा लवकर कळलं असतं.

मामा मध्येच म्हणाले, “पण हाडातलं ते दिसतंय कुठं?” बरोबर. दिसत नाही. आधी हाडाचा वरचा थर घासून काढतात, कारण तो हात लावणाऱ्या प्रत्येकाच्या डीएनएने बरबटलेला असतो. मग द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून त्याचं पीठ करतात, त्यातलं कॅल्शियम विरघळवतात. दात असेल तर उत्तम, वरचं कवच आतला डीएनए सांभाळून ठेवतं. जे थेंबभर हाती लागतं त्याच्या नकला काढायच्या. एका फेरीत एकाच्या दोन, दुसऱ्या फेरीत चार, आणि अठ्ठावीस फेऱ्यांत, सगळं सुरळीत झालं तर, एकाच्या साडेसव्वीस कोटींच्या वर.

आणि नकला काढताना यंत्र चुकतं, अगदी मागासारखं. एकसारखीच नक्षी सतत येत असेल तर नक्कल करणारं विकर मध्येच घसरतं आणि एक फूल गाळतं. निकालाच्या आलेखात पंधराच्या शेजारी चौदाचा एक छोटा उंचवटा उमटतो, बहुधा खऱ्याच्या एक दशांश उंचीचा किंवा त्याहून बुटका. मामा हसले, “पुठ्ठा उडाला म्हणायचं.” अगदी तेच. ताज्या रक्तात हा पुठ्ठा ओळखणं सोपं. पण आपल्याकडच्या चव्वेचाळीस अंशांच्या उन्हात आणि नंतरच्या पावसात पडलेल्या हाडात डीएनएचे तुकडे तुकडे झालेले असतात. लांब किनारी मध्येच तुटलेल्या, नकला कमी, आणि मग तो चौदा खरा की घसरलेला यावर तज्ज्ञ तासन् तास डोकं फोडतात. दोन तासांत निकाल वगैरे सिरियलवाल्यांनाच जमतं. याच तपासणीत आणखी एक छोटी जागा पाहतात: एक्स गुणसूत्रावर तिची लांबी वायपेक्षा सहा अक्षरांनी कमी असते. मुलगा की मुलगी, हे हाडांनी न सांगितलेलं उत्तर इथे मिळतं.

किनारी पार तुटल्या असतील तर पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाकडे, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या कणांकडे, वळतात. त्यांचा डीएनए पेशीत शेकड्या-हजारांनी असतो आणि फक्त आईकडून येतो. अर्जेंटिनात १९७६ ते १९८३ च्या लष्करी राजवटीत पळवलेल्या मुलांना त्यांच्या आज्या शोधत होत्या. मुलांचे आईबाप मारले गेलेले किंवा बेपत्ता. मेरी-क्लेअर किंग या अमेरिकी शास्त्रज्ञेने हाच धागा वापरला, कारण आईची आई आणि नातू यांच्यात तो सारखा असतो. तिथे आजवर १३० हून जास्त नातवंडांची ओळख पटली आहे.

एक अडचण मात्र आईबापांची कुठलीच किनार सोडवत नाही. एकाच घरातली दोन भावंडं, दोघंही मुलगेच, एकदम बेपत्ता असतील, तर डीएनए सांगेल, “या आईबापांचं मूल.” कोणतं, ते नाही सांगणार. तिथे पुन्हा दाताकडे यावं लागतं, आणि “धाकट्याचा पुढचा दात पडला होता का हो?” असं आईला विचारणाऱ्या हवालदाराकडे.

आता मामांचं दुसरं वाक्य, खुनी कळतो. २००६ च्या अखेरीस नोएडाजवळच्या निठारीत नाल्यातून मुलांची हाडं निघाली. हैदराबादच्या प्रयोगशाळेत हाडांचे आणि पालकांच्या रक्ताचे नमुने ताडले गेले, अनेक मुलांची ओळख पटली. खालच्या कोर्टात फाशीची शिक्षा झाली. अलाहाबाद उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये आरोपींना सोडलं आणि जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम केलं. डीएनए खोटा ठरला असं नाही. हाडं त्या मुलांचीच होती. पण ती तिथे कुणी टाकली हे हाडांतली फुलं सांगत नाहीत, ते तपासाने सिद्ध करायचं असतं आणि तिथे पुरावा टिकला नाही. खुन्याचा स्वतःचा डीएनए मृतदेहावर राहिला तर गोष्ट वेगळी. पण उघड्यावर कित्येक महिने पडलेल्या हाडांवर तो कसला राहतोय!

डीएनएने खुनी पकडल्याची जगातली पहिली केसही हेच सांगते. ॲलेक जेफ्रीज यांना १९८४ मध्ये इंग्लंडात लेस्टरला डीएनए ठशाचं तंत्र सुचलं. जवळच १९८३ आणि १९८६ मध्ये पंधरा-पंधरा वर्षांच्या दोन मुलींचे खून झाले होते आणि एका पोराने त्यातल्या एकाची कबुलीही दिली होती. डीएनएने आधी त्या पोराला निर्दोष ठरवलं. मग पोलिसांनी पाचेक हजार पुरुषांचे नमुने घेतले, तरी खुनी सापडला नाही, कारण त्याने आपल्या जागी दुसऱ्यालाच रक्त द्यायला पाठवलं होतं. ती गोष्ट फुटली दारूच्या गुत्त्यातल्या गप्पांत. मग त्याला धरलं आणि त्याचा डीएनए जुळला.

मानवत आठवत असेल अशी पिढी आता थोडी उरली. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला परभणी जिल्ह्यातल्या त्या गावात गुप्तधनाच्या लोभाने लहान मुली आणि बायका मारल्या गेल्या. मुंबई गुन्हे शाखेच्या रमाकांत कुलकर्णींनी तो तपास केला, तेव्हा डीएनए हा शब्द पोलिसांच्या गावीही नव्हता. माणसांशी बोलून, साक्षी जुळवून केला. पायाळू मुलाला जमिनीतलं धन दिसतं, ही बात आपल्याकडे आजही दबक्या आवाजात चालते. पायाळू म्हणजे जन्मताना पाय आधी आलेलं मूल, बस्स. २०१३ पासून महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आहे, आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने मूल हरवल्याच्या प्रत्येक तक्रारीवर गुन्हा नोंदवायला सांगितलं. तरीही काही आया ठाण्याच्या आधी देवऋषाकडे जातात. तो म्हणतो, “उगवतीला आहे.” सोलापुरातून उगवतीला अक्कलकोट आहे, हैदराबाद आहे, बंगालचा उपसागरही आहे. तेवढ्या वेळात १०९८ ला फोन लागला असता.

बेवारस मृतदेह आणि हरवलेल्या मुलांचे पालक, दोघांचे नमुने एका ठिकाणी ठेवायची सोय करणारं डीएनए विधेयक संसदेत आलं होतं. २०२३ मध्ये ते मागे घेतलं गेलं. खासगीपणाचे आक्षेप होते, तेही खोटे नव्हते. पण त्यामुळे एका जिल्ह्यातलं हाड आणि दुसऱ्या जिल्ह्यातली आई यांची गाठ अजूनही एखाद्या चिकाटीच्या फौजदारावरच अवलंबून आहे.

मामांनी शेवटी विचारलं, “आणि आईबाप दोघंही नसले तर, सर?” मी म्हटलं, मग मुलाची स्वतःची वस्तू. त्याचा दात घासायचा ब्रश. जन्मानंतर गळलेली नाळ काही घरांत फडक्यात बांधून ठेवतात, ती. पडलेला दुधाचा दातसुद्धा चालतो, मूळ झिजलेलं असलं तरी आत थोडं काही उरतं.

मामा गप्प झाले. मग म्हणाले, “नातवाचा परवाच पडला. ही म्हणाली, पत्र्यावर टाक, नवा चांगला येतो.” चहाचे पैसे देऊन ते घराकडे निघाले. संध्याकाळी मी गच्चीवर कपडे काढायला गेलो तर शेजारच्या भिंतीला शिडी लावलेली होती आणि मामा मोबाइलच्या उजेडात पत्र्याच्या पन्हाळीत बोटं घालून काहीतरी चाचपत होते.